मुलांना गाण्या-वाजवण्याच्या क्लासला घालताना: अटी आधी, फी नंतर

खाजगी क्लास ठरवताना बहुतेक घरांत एकच क्रम असतो. कुणाच्या तरी ओळखीने नाव कळतं, एक दिवस भेट होते, मूल पाया पडतं, महिन्याची फी दिली जाते. मग कधीतरी लक्षात येतं की क्लासच्या वेळी खोलीचं दार आतून लावलेलं असतं. तोवर सरांशी घरोबा झालेला असतो. गुरुपौर्णिमेला पोराने चार आवर्तनं वाजवून वाहवा मिळवलेली असते. आता 'दार उघडं ठेवाल का?' असं विचारणं म्हणजे सरळसरळ अविश्वास दाखवणं वाटतं. पहिल्या भेटीत हाच प्रश्न वेळ आणि फी विचारण्याइतका साधा होता.

म्हणून इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी जागा आणि माणसं बघायची, मग अटी ठरवायच्या, मग मुलाशी बोलायचं आणि फी शेवटी द्यायची. समोरचा माणूस कसा आहे हे चेहऱ्यावरून, घराण्यावरून किंवा बोलण्यातल्या गोडव्यावरून ओळखता येतं, असं यात कुठेही गृहीत धरलेलं नाही. ते ओळखता येत नाही. मुलांना त्रास देणारी माणसं बहुतेक वेळा ओळखीतलीच असतात आणि आधी आईवडिलांचा विश्वास मिळवतात. आपल्या हातात आहे ती व्यवस्था: माणूस कसाही असो, त्याला मुलाबरोबर बंद खोलीतला एकांत मिळता कामा नये.

आणखी एक. हे फक्त मुलींच्या पालकांसाठी नाही. तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलग्यांची कुणी फारशी चौकशी करत नाही, आणि नेमकं तेच गैरफायदा घेणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. 2012 चा पॉक्सो कायदाही (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला सारखंच संरक्षण देतो, मुलगा असो वा मुलगी.

टप्पा 1: फोन करण्याआधी घरात ठरवा

नेणार कोण आणि आणणार कोण, हे पहिलं. 'बघू, कुणीतरी जाईल' या उत्तरातूनच पुढे 'सर सोडतील घरी' ही सोय जन्माला येते. रोज शक्य नसेल तर आठवड्यातला तोच वार निवडा ज्या दिवशी घरातलं माणूस मोकळं असतं. वार आपल्या सोयीने मागता येतो. एक महिना थांबायची तयारी असली की बहुतेक ठिकाणी मिळतोही.

दुसरं, वेळेची जागा. पालकांची सर्वांत जास्त चूक इथे होते. दिवसातला शेवटचा क्लास टाळा. त्यानंतर कुणी येणार नसतं, घड्याळाकडे कुणी बघत नाही, आणि 'अजून दहा मिनिटं बसू दे, आज छान लागलाय' याला हरकत घेणंही अवघड होतं. आधी एक विद्यार्थी आणि नंतर एक विद्यार्थी असलेली मधली वेळ मागा. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ हा फुकटचा पहारा असतो.

तिसरं, एकट्याने की गटात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं अलंकार, पलटे (सुरांच्या ठरलेल्या सरावाच्या रचना), तालाच्या टाळ्या, पहिले बोल हे सगळं चार-पाच मुलांच्या गटात उत्तम शिकता येतं. सहा वर्षांच्या मुलाला 'स्वतंत्र तालीम' हवीच असं संगीताच्या बाजूने कुठलंही कारण मला दिसत नाही. पुढे ख्याल किंवा सोलो वादन सुरू झालं की ती गरज खरी असते. तेव्हा खालच्या अटी जास्त काटेकोरपणे लावा.

सावध: शिक्षक तुमच्या घरी येऊन शिकवणार असतील तर 'आपल्याच घरात काय होणार' असं म्हणू नका. आजी आत झोपलेली, आई ऑफिसच्या कॉलवर आणि क्लास बेडरूममध्ये, हाही एकांतच. घरचा क्लास हॉलमध्ये घ्या. टीव्ही बंद करावा लागेल, तेवढं सोसा.

टप्पा 2: पहिल्या भेटीत जागा बघा

या भेटीला मुलाला नेऊ नका. मूल बरोबर असलं की सगळं लक्ष 'सरांना काहीतरी म्हणून दाखव' यात जातं, आणि बघायचं ते राहून जातं.

शिकवायची खोली प्रत्यक्ष बघा. दार कुठे आहे, आतून कडी आहे का, दारातून बैठक दिसते का, खिडकीला पडदा आहे का. दार लावण्यामागे खरी कारणंही असतात: शेजारचे आवाजाची तक्रार करतात, एसी चालू असतो, पलीकडे दुसरी बॅच असते. त्यावरही तोडगे आहेत. दाराला काचेची पट्टी, जाळीचं दार, आवाज थांबवणारा पण बाजूने उघडा राहणारा जाड पडदा, किंवा बैठक दारासमोर हलवणं. तोडगा सुचवल्यावर शिक्षक काय म्हणतात याकडे लक्ष द्या. 'बघतो, कारपेंटरला विचारतो' हे चांगलं उत्तर आहे. 'इतकी वर्षं शिकवतोय, आजवर असं कुणी विचारलं नाही' हे काचेच्या पट्टीबद्दलचं उत्तरच नाही.

मग माणसं. त्या घरात क्लासच्या वेळी आणखी कोण असतं? शिक्षकांचा मोठा मुलगा, भाऊ, साथीला येणारे पेटीवाले, मुक्कामाला असलेला शिष्य? पालक फक्त शिक्षकाची पारख करतात आणि बाकीच्यांना विसरतात. शिवाय पुष्कळ क्लासमध्ये लहान मुलांना प्रत्यक्षात वरच्या वर्गातली ताई किंवा दादा शिकवतो. ते वाईट नाही, पण 'माझ्या मुलाला कोण शिकवणार आणि तेव्हा तुम्ही कुठे असणार?' हे विचारायलाच हवं. शिक्षिका बाई आहेत म्हणून हे प्रश्न सोडून देऊ नका.

संडास-बाथरूम कुठे आहे, तेही बघा. लहान मुलाला मध्येच जावं लागलं तर बरोबर कोण जातं? सहा-सात वर्षांच्या मुलाला हे स्वतःचं स्वतः जमायला हवं, आणि क्लासला निघण्याआधी घरी जाऊन यायची सवय हवी.

शेवटी दोन-तीन सध्याच्या आणि एक-दोन सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांशी बोला. सध्याचे कौतुकच करतील. सोडून गेलेल्यांना 'का सोडला?' एवढंच विचारा आणि गप्प बसा.

सावध: गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद किंवा अलंकार ही पदवी माणसाला गाणं किती येतं ते सांगते, तो मुलांशी कसा वागतो ते नाही. भिंतीवरच्या शाली आणि पुरस्कारांचंही तेच. पोलिसांकडून मिळणारं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र ज्याचं त्यालाच अर्ज करून काढावं लागतं. मोठ्या संस्थेकडे ते मागायला काहीच हरकत नाही, पण त्यातून कळतं ते एवढंच की पोलिसांकडे नोंद नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद 2018 पासून आहे, पण ती तपास यंत्रणांसाठी. तुम्हाला-आम्हाला ती उघडून बघता येत नाही.

टप्पा 3: अटी बोला आणि लिहून पाठवा

समोरासमोर बोला, आणि त्याच संध्याकाळी तेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. आवाज चढवायचा नाही, माफीही मागायची नाही. साधारण असं:

'नमस्कार सर. सोमवारपासून मुलीला पाठवतो. बोलल्याप्रमाणे: क्लास बाहेरच्या खोलीत, दार उघडं. आम्हा दोघांपैकी एकजण अधूनमधून येऊन मागे बसेल, शिकवण्यात मध्ये बोलणार नाही. वेळ बदलली, जादा तालीम ठरली किंवा क्लास रद्द झाला तर निरोप आमच्या नंबरवर द्यावा. तिच्याकडे स्वतःचा फोन नाही. ने-आण आम्हीच करू, दुसरं कुणी येणार असेल तर आधी कळवू. फोटो किंवा व्हिडिओ आम्हाला विचारूनच टाकावेत. काही राहिलं असेल तर सांगा.'

एवढं पुरतं. याला 'हो, ठीक' असं उत्तर आलं की फी भरा. उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा. टाळाटाळ झाली, किंवा 'गुरूवर विश्वास नसेल तर विद्या येत नाही' असं ऐकायला मिळालं, तर दुसरा क्लास बघा. शिक्षक वाईट आहेत असा याचा अर्थ होत नाही. पण जिथे साधी अट मान्य होत नाही तिथे पुढे तक्रार कशी ऐकली जाईल?

पालकांनी अधूनमधून बसण्याबद्दल शिक्षकांचीही एक रास्त तक्रार असते. आई समोर बसली की मूल दर ओळीला आईकडे बघतं, आणि काही पालक मागून सूर सांगायला लागतात. म्हणून मुलाच्या मागे बसा, नजरेत येऊ नका, तोंड उघडू नका. रोज बसायचीही गरज नाही. कधी येतील हे ठरलेलं नसणं, यातच त्याचा उपयोग आहे.

तपासा: 'पालकांना आत येण्यास मनाई' असा नियम आहे का? गंभीर तालमीच्या नावाखाली असला तरी लहान मुलांसाठी तो मान्य करू नका.

टप्पा 4: शिकवताना हात कुठे लागतो, हे आधी समजून घ्या

हा भाग सगळेच गाळतात, कारण पालकांना वाद्य येत नसतं. मग शिक्षक जे करतील ते 'शिकवण्याची पद्धत' म्हणून खपून जातं. गैरफायदा घेणारा नेमका याच अज्ञानाच्या आडोशाने पुढे सरकतो.

तबला: 'ना' या बोलासाठी तर्जनी चाटेवर (कडेच्या पट्टीवर) कशी पडते आणि अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला कशी टेकते, हे दाखवताना शिक्षक मुलाची बोटं धरून ठेवतील. डग्ग्यावर (डाव्या हाताच्या मोठ्या तबल्यावर) मनगट कुठे टेकायचं, हेही हात धरून दाखवावं लागतं. म्हणजे बोटं, मनगट, फार तर कोपर. त्यासाठी शिक्षक समोर किंवा शेजारी बसू शकतात. मुलाला मांडीत घेऊन किंवा त्याच्या पाठीला चिकटून बसून तबला शिकवायची गरज कधीही नसते.

पेटी: बोटांची ठेवण आणि भात्यावरचा हात, बस्स.

सतार आणि व्हायोलिन: इथे बैठकच अवघड असते. सतारीचा भोपळा कुठे टेकवायचा, आपल्याकडच्या पद्धतीने बसून वाजवताना व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर कसं ठेवायचं, हे सांगताना पाय-मांडीचा उल्लेख येणारच. पण तो तोंडाने सांगता येतो आणि शिक्षक स्वतः बसून दाखवू शकतात. हलवायचं असेल तर वाद्य हलवावं, मुलाचा पाय नव्हे.

बासरी: फुंकीचा कोन बदलायला शिक्षक बासरीला हात लावतील. ओठांना हात लावायचं कारण नाही. समोर छोटा आरसा धरला की मुलाला स्वतःलाच दिसतं.

गाणं: सर्वांत जास्त सबबी इथे निघतात. 'श्वास पोटातून घे' हे बरोबर आहे, पण म्हणून शिक्षकाने मुलाच्या पोटावर किंवा छातीवर हात ठेवायची गरज नाही. मुलाने स्वतःचा हात स्वतःच्या पोटावर ठेवावा, किंवा जमिनीवर उताणं झोपून पोटावर वही ठेवून ती वर-खाली होताना बघावी. ही दुसरी युक्ती घरी करा, मुलांना मजा येते. 'आवाज मोकळा व्हावा' म्हणून गळा, जबडा, पाठ चोळणं, मालिश करणं, कपडे सैल करायला सांगणं, यातलं काहीही गायन शिकवण्याचा भाग नाही.

समंजस शिक्षक आधी सांगतो, 'मी तुझं बोट धरून दाखवतो, चालेल?' मूल नको म्हणालं तर स्वतःच्या हाताने दाखवतो. सगळं उघड्यावर, इतरांदेखत. मारण्याबद्दलही आत्ताच बोलून घ्या: सम (तालाची पहिली मात्रा) चुकली म्हणून बोटांवर पट्टी, कान पिरगाळणं, सगळ्यांसमोर टिंगल. 'आमच्या गुरूंनी आम्हाला असंच घडवलं' हे ऐकून घ्या आणि तरीही नको म्हणा. मार मुकाट्याने सोसायला शिकलेलं मूल बाकीचंही मुकाट्याने सोसतं.

टप्पा 5: मुलाशी बोला, पण ओझं त्याच्यावर टाकू नका

'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' शाळेत शिकवलंय, म्हणजे झालं, असं समजू नका. सात वर्षांच्या मुलाला सरांना नाही म्हणता येईल, या आशेवर व्यवस्था उभी करायची नसते. पहिले चार टप्पे मोठ्यांचे आहेत, ते याचसाठी. मुलाला सांगायचं ते थोडं आणि करता येण्यासारखं असावं.

पाया पडणं आणि सगळं ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरात स्पष्ट बोला. 'सर गाण्याबद्दल सांगतील ते ऐकायचं. शरीराबद्दल, कपड्यांबद्दल, गुपितांबद्दल काही म्हणाले तर ऐकायचं नाही आणि घरी आल्यावर सांगायचं.' हे वाक्य जसंच्या तसं वापरलंत तरी चालेल.

शरीराच्या सगळ्या अवयवांना घरात नावं असू द्या. शब्दच नसेल तर मूल 'तिकडे हात लावला' एवढंच म्हणतं, आणि आपण ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

उठून बाहेर यायची परवानगी आधीच द्या: 'दार लावलं किंवा तुला कसंतरी वाटलं, तर सरळ बाहेर ये. वही, तबला, चप्पल, सगळं तिथेच राहू दे. नंतर काय बोलायचं ते आम्ही बघू.' मुलं वस्तू मागे राहतील म्हणूनही बसून राहतात, त्यामुळे चपलेचा उल्लेख आवर्जून करा. मोठ्या मुलाशी एखादा सांकेतिक निरोपही ठरवा. फोनवर 'माझी निळी वही घरी राहिली' असं ऐकू आलं की काही न विचारता निघायचं.

गुपितांचा नियम एकच: मोठ्या माणसाने 'आईला सांगू नको' म्हटलं, की तीच गोष्ट आईला सांगायची. खाऊ असो, भेटवस्तू असो, मोबाईलमधलं काही बघितलेलं असो.

तेरा ते सतरा वयाच्या मुलांचं वेगळं. इथे पालक निर्धास्त होतात, आणि इथेच जवळीक वेगळ्या रूपात येते: 'तुला जे कळतं ते घरच्यांना कळणार नाही', रात्री उशिरापर्यंत मेसेज, मैफलींना एकत्र जाणं, मग प्रेमाची भाषा. मुलांना स्वतःलाही तो आपलाच निर्णय वाटतो. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत त्या संमतीला कायद्यात किंमत नाही. शिक्षकासारख्या विश्वासाच्या जागी असलेल्या माणसाने केलेला गुन्हा पॉक्सोमध्ये अधिक गंभीर धरला जातो. हे किशोरवयीन मुलांना भाषण न देता, पण स्पष्ट सांगून ठेवा.

टप्पा 6: पहिले काही महिने

घेऊन जाताना कधी दहा मिनिटं लवकर पोचा, कधी मध्येच डोकावा. घरी आल्यावर 'कसा झाला क्लास?' विचारलं की 'छान' एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा 'आज कुठे बसला होतात? अजून कोण होतं? आज कुणाची फजिती झाली?' असं विचारा. रोज नको, चौकशी वाटली की मूल मिटतं.

याच काळात क्लासबाहेरच्या जवळिकीवर लक्ष ठेवा. ती टप्प्याटप्प्याने वाढते: तुमच्या मुलात काही वेगळं आहे हे कौतुक, मग फी नको, मग रविवारी एकट्याची जादा तालीम, मग भेटवस्तू, मग मुलाशी थेट मेसेज, मग चेष्टेच्या नावाखाली स्पर्श. यातली पहिली दोन पावलं अत्यंत सज्जन गुरूही टाकतात. गुणी पोराला फुकट शिकवणारे गुरू आपल्याकडे खरोखर आहेत. फरक एवढाच की अशा गुरूला तुम्ही शेजारी बसलात तरी चालतं. फी माफ झाली तरी टप्पा 3 मधली एकही अट माफ करू नका. उपकाराखाली दबलेले पालक प्रश्न विचारत नाहीत.

तपासा: क्लासच्या दिवशीच पोट दुखणं, अचानक 'मला नाही जायचं', अंथरूण ओलं होणं, फोन लपवणं, कुठून आली ते न सांगता येणारी वस्तू. पलट्यांचा कंटाळा आलेलं मूलही पोटदुखीचं सोंग करतं, हे खरं. पण कंटाळलेलं मूल 'कंटाळा आला' असं कधीतरी बोलून जातं, आणि आई मागे बसली म्हणून त्याला हायसं वाटत नाही. हायसं वाटत असेल तर क्लास थांबवा आणि सावकाश बोलतं करा.

टप्पा 7: मोबाईल आणि ऑनलाइन क्लास

रियाजाचं रेकॉर्डिंग पाठवायचं असेल तर पालकांच्या नंबरवरून, शक्यतो पालक-शिक्षक ग्रुपवर. मोठ्या मुलाकडे स्वतःचा फोन असेल तर त्या संभाषणात पालकही असावेत, हे शिक्षकांनाच आधी सांगून ठेवा.

पुण्या-मुंबईतल्या शिक्षकांकडून शिकणारी अमेरिकेतली, इंग्लंडमधली, दुबईतली मराठी मुलं आता पुष्कळ आहेत. तिथे वेळेच्या फरकामुळे क्लास भल्या पहाटे किंवा रात्री असतो, घर झोपलेलं असतं, आणि मूल आपल्या खोलीत दार लावून लॅपटॉपसमोर बसतं. लॅपटॉप बैठकीच्या खोलीत, लॉगिन पालकांचं आणि बाहेर जाताना घालतो तसे कपडे, हे तीन नियम पुरेत. कॅमेऱ्याचा कोन संगीताला धरून असावा: तबल्याला हात आणि पुडी (वरचं कातडं) दिसली पाहिजे, गाण्याला चेहरा आणि खांदे. 'कॅमेरा खाली कर', 'जरा मागे सरकून उभी राहा' याला तालमीत काही कारण दिसत नसेल तर कॉल तिथेच बंद करा. रेकॉर्डिंग होणार असेल तर ते कुणाकडे राहणार, हे विचारून घ्या.

परदेशातल्या पालकांनी तक्रार तिथल्या पोलिसांकडे करावी: अमेरिकेत 911, ब्रिटनमध्ये 999. शिक्षक भारतात आहेत म्हणून गप्प बसू नये. भारताच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंद करता येते.

टप्पा 8: गुरुपौर्णिमा, परीक्षा, स्पर्धा

रोजचे नियम मोडतात ते याच दिवसांत. सगळे घाईत असतात, क्लास रात्रीपर्यंत चालतो, आणि कार्यक्रमाच्या जागी कुणाचं मूल कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं.

कपडे शक्यतो घरूनच घालून न्या. बदलायचेच असतील तर त्या खोलीत दोन पालक असावेत आणि तिथे कुणाचाही मोबाईल वर येऊ नये. विंगेत मुलांजवळ थांबायला पालकांच्या पाळ्या लावा. प्रत्येकाला प्रेक्षागृहातून व्हिडिओ काढायचा असतो, त्यामुळे हे आदल्या दिवशीच ठरवावं लागतं. परगावी स्पर्धा असेल तर पालक बरोबर जातील, किंवा मूल जाणार नाही. शिक्षकांच्या खोलीत मुलाची झोपायची सोय कुठल्याही कारणाने नको, खर्च वाचतो म्हणूनही नको. परीक्षेच्या केंद्रावर नेण्या-आणण्याचंही तेच.

टप्पा 9: मुलाने काही सांगितलं तर

इथे क्रम चुकला तर नुकसान मोठं होतं, म्हणून सावकाश वाचा.

ऐका, मध्ये तोंड घालू नका. 'तू ओरडला का नाहीस?', 'आधी का नाही सांगितलंस?', 'नक्की ना?' हे तीन प्रश्न गिळा. 'सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही' एवढं म्हणा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. खोदून खोदून विचारू नका आणि उत्तर सुचवणारे प्रश्न टाळा. काका-मामा-आजीसमोर पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. मूल झोपल्यावर त्याचेच शब्द, तारीख आणि वेळ घालून लिहून काढा.

शिक्षकांना फोन करू नका. ही सर्वांत जास्त घडणारी चूक. रागाच्या भरात जाब विचारला की समोरच्याला सावध व्हायला, मेसेज पुसायला, बाकीच्या पालकांना आपल्या बाजूने वळवायला वेळ मिळतो. 'मुलाच्या भविष्यासाठी' गुपचूप क्लास बदलणं ही दुसरी चूक. त्या वेळेला त्या जागी उद्या दुसरं मूल बसतं.

पुरावा जपा. घटना नुकतीच घडली असेल तर मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. एफआयआर झालेली नसली तरी वैद्यकीय तपासणी करता येते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात, आणि मुलाचा विश्वास असलेलं माणूस त्या वेळी हजर राहू शकतं. फोनवरचे मेसेज पुसू नका. मुलाचे आक्षेपार्ह फोटो असतील तर ते कुणालाही पुढे पाठवू नका, पुरावा म्हणूनही नाही. फोन जसाच्या तसा पोलिसांकडे द्या.

मग तक्रार. 1098 ही चाइल्डलाइन चोवीस तास फुकट आहे; तातडीला 112. एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हद्द आड येत नाही, आणि तिची प्रत मोफत मिळते. पॉक्सोच्या कलम 24 प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला (मुलांच्या संरक्षणासाठीच्या जिल्ह्यातल्या समितीला) आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. ठाण्यात हे आपणहून होईलच असं नाही, म्हणून तुम्हाला माहीत हवं. नोंद घ्यायला टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी द्या आणि बालकल्याण समितीकडे जा. तक्रार न नोंदवणं हाही याच कायद्यात गुन्हा आहे. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, अर्थसाहाय्यासाठी महाराष्ट्र सरकारची 2013 पासूनची मनोधैर्य योजना.

सावध: पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर वर्षापर्यंत. क्लास चालवणारे, कार्यक्रमाचे आयोजक, दुसऱ्या मुलाचे पालक, सगळे यात येतात. प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्याला कायदा संरक्षण देतो, त्यामुळे खात्री करून घेण्यासाठी स्वतः तपास करत बसू नका.

पालकांच्या ग्रुपवर मुलाचं नाव, शाळा, फोटो काही टाकू नका. बाकीच्या पालकांना सावध करायचं असेल तर तपास अधिकाऱ्यांना विचारून, एकेकाला भेटून सांगा.

आणि शिकणं? पालक घाईने तबला विकून टाकतात किंवा लगेच दुसऱ्या क्लासमध्ये नाव घालतात. दोन्ही नको. समुपदेशकाशी बोला, मुलाला विचारा आणि त्याचं उत्तर महिन्या-महिन्याने बदललं तरी चालवून घ्या. पुन्हा सुरू करायचं म्हणालं, तर नव्या क्लासची खोली बघायला या वेळी त्यालाही बरोबर न्या. दार कुठे असावं, याबद्दल त्याचं स्वतःचं मत असतं.